परसातला पाला रोजच्या स्वयंपाकात: कुठला, कधी आणि किती

पुण्याहून गुहागरला राहायला आलेल्या एका ताईंनी विचारलं आहे. घर भाड्याचं आहे, पण मागच्या परसात कढीपत्ता, हळद, गवती चहा, पानओवा असं सगळं लावलेलं आहे. हाताला सवय मात्र फक्त कोथिंबिरीची, आणि ती पावसात दोन दिवसांत काळी पडते. शेजारणीने प्रेमाने दिलेली तिरफळं वाटणात घातली, तर कालवण कडू झालं. मुलं कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवतात. यातलं काय, कधी आणि किती वापरायचं?

ताई, मी मालवणजवळ घरगुती खानावळ चालवते. रोज दोन वेळा चूल पेटते, त्यामुळे हे सगळे पाले रोजच हाताखालून जातात. तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे असं मला वाटतं. प्रत्येक पाल्याचा वास सुटायची जागा ठरलेली असते. कढीपत्त्याचा तेलात सुटतो, हळदीच्या पानाचा वाफेत, तिरफळाचा उकळत्या रसात आणि कोथिंबिरीचा आच बंद झाल्यावर. आपण कोथिंबिरीचा नियम सगळ्यांना लावतो किंवा जे हाताला येईल ते वाटणात ढकलतो, आणि तिथेच पदार्थ बिघडतो.

तिरफळापासून सुरुवात करते, कारण कडू कालवण झाल्यावर माणूस ती बाटली पुन्हा उघडत नाही, आणि ते फार वाईट. तिरफळ म्हणजे पाला नव्हे, काटेरी झाडाचं फळ, पण आमच्याकडे वासासाठी पहिला हात त्याच्याकडेच जातो. पावसाळा सरता सरता हिरव्या तिरफळांचे घोस बाजारात येतात, नंतर वर्षभर सुकी मिळतात. सुकलं की फळ उकलतं आणि आत काळी चकचकीत बी दिसते. ती बी काढून टाकायची. सगळा वास बाहेरच्या खरखरीत टरफलात असतो, बी फक्त कडवट आणि कचकचीत. शेजारणीने दिलेल्या तिरफळांत बिया असतील तर आजच बसून निवडून टाका. दुसरी गोष्ट, तिरफळ वाटपात घालून बारीक वाटायचं नाही. वाटलं की कडवटपणा पूर्ण रसात उतरतो. चमचाभर पाण्यात भिजवून नुसतं ठेचायचं, फुटेल इतपतच.

चार मध्यम बांगड्यांचं कालवण मी कसं करते ते सांगते, म्हणजे प्रमाण लक्षात येईल. एक मोठी वाटी ओलं खोबरं, भिजवलेल्या सात-आठ ब्याडगी मिरच्या, एक चमचा धणे आणि हळद हे अगदी गंधासारखं बारीक वाटायचं. यात कांदा-लसूण नको, तिरफळाला मोकळी जागा लागते. वाटप टोपात काढून बेताचं पाणी घालायचं, मीठ आणि चार-पाच कोकमं टाकायची आणि मध्यम आचेवर ठेवायचं. पहिली उकळी आली की आठ-दहा ठेचलेली तिरफळं त्यांच्या पाण्यासकट आत. दोन मिनिटांत घरभर वास सुटतो, लिंबाच्या सालीसारखा पण जरा रानटी. मग बांगड्याचे तुकडे सोडायचे आणि पळी न घालता टोप दोन्ही हातांनी धरून हलवायचा. पाच-सात मिनिटांत मासा शिजतो. आच बंद करून वरून एक चमचा कच्चं खोबरेल तेल घालायचं, झाकण ठेवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. फोडणी नाही आणि कोथिंबीर तर अजिबात नाही. तिरफळ आणि कोथिंबीर यांचे वास एकत्र आले की दोन्ही मरतात. जेवताना तिरफळ चावायचं नसतं, कडेला काढायचं. मुलांना हे आधी सांगून ठेवा, कारण दाताखाली आलं की जिभेला झिणझिण्या येतात. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी याच कुळातली, तिचाही गुण असाच.

तिरफळ शोभतं ते तेलकट माशाला: बांगडा, तारली, पेडवे. पापलेटसारख्या सौम्य माशावर ते दडपण आणतं, मी घालत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा हेच वाटप तुरीच्या डाळीच्या आमटीत घालून पाच-सहा तिरफळं टाकून बघा. ज्या घरात मासे होत नाहीत तिथेही ही आमटी आवडीने खातात.

आता हळदीचं पान. पुण्यातून आलेल्या माणसाला सगळ्यात नवं वाटेल असं हेच, आणि तुमच्या परसात ते आहे हे ऐकून मला खरोखर आनंद झाला. जुलैपासून थंडी पडेपर्यंत ते हिरवं मिळतं. पुढे पान पिवळं पडून वाळतं आणि मग जमिनीतली हळद काढतात. एका रोपावरची सगळी पानं ओरबाडू नका, जमिनीतला कंद त्याच पानांवर पोसला जातो. एका झाडाचं एखादं, बाहेरच्या बाजूचं, पूर्ण उघडलेलं पण चिरफळ्या न झालेलं पान घ्यायचं.

या पानाला वाफ हवी. नागपंचमीला, गौरी-गणपतीत आपल्याकडे पातोळे होतात ते याच पानात. तांदळाचं पीठ चिमूटभर मीठ घालून पाण्यात भिजवायचं, घावन्याच्या पिठापेक्षा बरंच दाट, बोटाने सारवता येईल असं. पान पुसून त्यावर हे पीठ बोटांनी पातळ पसरायचं. मधल्या शिरेच्या एका बाजूला ओलं खोबरं, गूळ आणि वेलचीचं शिजवलेलं सारण ठेवायचं. मग शिरेवरच पान उभं दुमडायचं, कडा हलक्या दाबायच्या आणि मोदकपात्रात साधारण पंधरा मिनिटं उकडायचं. पात्रातून काढल्या काढल्या पान सोलायला जाऊ नका, पीठ पानाबरोबर निघून येतं. कोमट झालं की पान आपोआप सुटतं आणि त्याच्या शिरांची नक्षी पातोळ्यावर उमटलेली दिसते. गूळ-खोबरं आणि हळदीच्या पानाचा वास हे लग्न कुणी जुळवलं माहीत नाही, पण तसं दुसरं मी चाखलेलं नाही.

पण हे पान सणापुरतं ठेवू नका. लोणी कढवताना तूप निवळत आलं की अर्धं पान हाताने फाडून टाका आणि कुरकुरीत झालं की काढून घ्या. मोदक उकडताना तळाशी केळीच्या पानाऐवजी हळदीचं पान घाला. तवसाचं धोंडस, म्हणजे मोठ्या काकडीचा केकसारखा गोड पदार्थ करता, तेव्हा भांड्याच्या तळाला हेच पान अंथरा. आणि मासे खात असाल तर एकदा बांगड्याला चिरा पाडून हिरवी मिरची, आलं, लसूण, कोथिंबीर आणि मीठ यांचं वाटप भरा, हळदीच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. पान बाहेरून करपलं तरी चालतं, आतला मासा स्वतःच्याच वाफेत शिजतो. नोव्हेंबरात उरलेली चांगली पानं पुसून, गुंडाळी करून फ्रीजरमध्ये ठेवली तर पुढे कामाला येतात. ती मऊ पडतात, पण वास टिकून राहतो.

कोथिंबिरीचं आता. आपल्याकडच्या धो-धो पावसात ती नीट येतच नाही, रोप जमिनीलगत कुजतं. बाजारात दिसते ती घाट उतरून आलेली, वाटेत भिजलेली, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी काळी. पावसाळ्यात जुडी आणली की धुवू नका. दोरा सोडून पसरा, कुजलेल्या काड्या वेगळ्या करा, पंख्याखाली पाणी सुकवा, मग कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवा आणि लागेल तेवढीच काढून धुवा. कागद ओला झाला की बदलायचा. एवढं केलंत तर दोन दिवसांची जुडी आठवडाभर जाते.

देठ फेकू नका. पानापेक्षा देठात चव जास्त आहे आणि तो वाटायला उत्तम. माझ्याकडे देठ हिरव्या वाटपात जातात आणि पानं आच बंद केल्यावर वर पडतात. कोथिंबिरीचा वास इतका हलका असतो की दोन उकळ्यांत उडून जातो, म्हणून उकळत्या रश्शात मूठभर घालून काही हाती लागत नाही. भरल्या पापलेटाचं किंवा कोलंबीचं हिरवं वाटप शेवाळी दिसतं अशी तक्रार बऱ्याच जणी करतात. त्याचं कारण बहुतेक वेळा आंबट असतं. कोकम किंवा लिंबू हिरव्या रंगावर पडलं आणि वरून आच लागली की रंग तपकिरीकडे झुकतो. वाटताना थंड पाणी घ्या, आंबट वाटपात न घालता आधी माशाला चोळा किंवा वाढताना वरून पिळा.

आणि पावसात कोथिंबीर नसेल तर नसू द्या. पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू पुरतं. तिच्या जागी पानओवा किंवा पुदिना चिरून टाकण्यात अर्थ नाही, तो वेगळाच पदार्थ होतो. घरची कोथिंबीर हवीच असेल तर भातकापणी झाली की पेरा. धणे चपलेखाली किंवा वरवंट्याने हलके रगडून दोन फाका करायच्या, एका धण्यात दोन बिया असतात. साधारण दीड महिन्यात कापायला येते, आणि जानेवारीतल्या त्या कोवळ्या, लहान पानांच्या कोथिंबिरीपुढे बाजारची जुडी फिकी वाटते.

पानओवा, म्हणजे जाड, लवदार, चुरगळलं की ओव्याचा वास देणारं पान. आपण फोडणीत घालतो त्या ओव्याच्या दाण्यांचं झाड वेगळंच असतं, त्यामुळे याला ओवा धरेल म्हणून वाट बघू नका. ते फार जोरकस आहे. पावसातल्या संध्याकाळी बेसनात थोडं तांदळाचं पीठ घालून त्याची भजी सगळेच करतात, ती कराच. पण रोजच्या जेवणात मला ते ताकाबरोबर जास्त आवडतं. चार-पाच पानं चमचाभर तुपात जिरं आणि दोन मिरीदाण्यांबरोबर मरगळेपर्यंत परतायची, दोन चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायची आणि घट्ट ताकात कालवायची. कारवाराकडे याला तंबळी म्हणतात. गरम भातावर ओतून घ्या, भाजी नसली तरी जेवण होतं. कच्चं पान वाटलंत तर उग्र लागतं, परतणं चुकवू नका.

पुदिन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या सावलीतल्या ओल्या मातीत खोचा, फुटतील. कुंडीतच लावा, नाहीतर वाफाभर पसरतो.

गवती चहाची पाती वरच्यावर कापून घ्या आणि जपून, कड हाताला चिरते. तीन-चार पाती हाताने चुरगळून त्यांची गाठ मारायची आणि पाणी उकळायला ठेवतानाच टाकायची. चहाची पूड नंतर, दूध सगळ्यात शेवटी. दुधात थेट उकळली तर वास दबून जातो. आमच्याकडे पावसात आलं आणि गवती चहा घातलेला कोरा चहा दिवसभर चालू असतो.

तुमच्या परसात नसेल पण एखाद्या नर्सरीतून नक्की आणा असं एक झाड म्हणजे बासमतीचं पान, याला कुणी अन्नपूर्णाही म्हणतं. लांब, केवड्याच्या पातीसारखं, पण बिनकाट्याचं. हिरवं असताना नुसतं हुंगलं तर काहीच कळत नाही. भाताच्या आधणात एक पान गाठ मारून टाकलं की साध्या कोलमला सुवासिक तांदळाचा वास येतो. वाटीभर तांदळाला एक पान पुरे. उकड्या तांदळाच्या भाताला आणि पेजेला मात्र घालू नका, त्यांचा स्वतःचा वास मला त्याहून प्रिय आहे.

तिकडे दालचिनीचं झाड असलेल्या बागा पुष्कळ आहेत. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या कृषी विद्यापीठाच्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या सावलीत दालचिनी, जायफळ, मिरी लावायची लाखीबागेची पद्धत लोकांपर्यंत नेली, त्यामुळे ही झाडं आता घराघरांत दिसतात. कुणी छाटणी केली की पानं मागून घ्या, सावलीत वाळवा. दालचिनीच्या पानाला किंचित लवंगेचा वास असतो. पुलावात किंवा मटणाच्या रश्शात एक पुरतं, तेही तेल तापल्यावर आणि कांदा पडायच्या आधी. ऑलस्पाईसचं झाड असेल तर त्याचंही एखादं पान असंच. पण दोन्ही एका वेळी नको.

एक पाला मात्र घरात वापरण्याचा नाही आणि त्याला पर्यायही नाही. थंडीत रायगडाकडे, अलिबाग-पेणला कुणी पोपटीला बोलावलं तर नाही म्हणू नका. भातकापणीनंतर शेताच्या बांधावर भांबुर्डा उगवतो, उग्र वासाचा. मडक्याच्या तळाशी तो अंथरतात, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, मधून मधून ओवा आणि जाडं मीठ. तोंडाशी पुन्हा भांबुर्डा गच्च कोंबून मडकं पालथं घालतात आणि भोवती पेंढा, झावळ्या पेटवतात. पाण्याचा थेंब नाही, पाल्याची ओल आणि शेंगांचा रस यांच्या वाफेवर सगळं शिजतं. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र होऊन लगेच उडालं की पोपटी झाली. शेंगेच्या दाण्यात उतरलेला तो वास चाखलात की हळदीच्या पानाचं वाफेचं गणित तुम्हाला वेगळं समजवावं लागणार नाही.

राहिला कढीपत्ता, आणि मुलांचं ताट. आधी फोडणी बघू. पान धुतलं असेल तर फडक्याने कोरडं करा. मोहरी तडतडली, हिंग पडला की आच बारीक करा आणि मगच पानं टाका. सात-आठ सेकंदांत ती करकरीत होतात आणि रंग हिरवाच राहतो, लगेच पुढचा जिन्नस टाकायचा. काळी पडली तर वास तेलाबाहेर गेला असं समजा. फोडणी चुकवून नंतर उकळत्या आमटीत टाकलेला कढीपत्ता नुसता लोळत राहतो, आणि मुलं काढून टाकतात तो बहुतेक हाच असतो. अर्धी पानं फोडणीत आणि अर्धी खोबऱ्याबरोबर वाटपात असं करून बघा, काढायला काही उरणारच नाही. पोह्यांना आणि उपम्याला पानं बारीक चिरून तेलात टाकली तरी खाल्ली जातात. माशाच्या कालवणात मी कढीपत्ता घालत नाही. काही घरांत घालतात, त्यांना तो आवडतो.

झाडाचं म्हणाल तर शेंडे खुडत राहा, फुटवे येतात. फुलांचे तुरे आले की काढून टाका, पान भरघोस राहतं. बुलबुल त्याची फळं खातात आणि कुंपणाखाली रोपं उगवतात, त्यातलं एखादं शेजारच्या बिऱ्हाडाला द्या. सुकवलेली पानं फोडणीला निरुपयोगी असतात. जास्तीची पानं कोरडी करून डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि न वितळवता थेट तेलात सोडा. तेवढं जरा लांब उभं राहा, तेल उडतं.

आणि मुलांसाठी चटणी. दोन मुठी पानं चमचाभर तेलावर मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत परता, घाई केली तर कडेला करपतात आणि मधे ओली राहतात. त्याच कढईत दोन चमचे तीळ, पाव वाटी सुकं खोबरं, सालासकट पाच-सहा लसणीच्या पाकळ्या आणि दोन सुक्या मिरच्या वेगवेगळ्या भाजून घ्या. सगळं थंड झालं की मीठ आणि एक सुकं कोकम घालून भरड वाटा. गरम असताना वाटलंत तर गोळा होतो. काचेच्या बरणीत आठ-दहा दिवस छान राहते. घावन्याबरोबर द्या, दहीभातावर द्या, तूप घालून भाकरीला लावून द्या. खात असताना त्यात काय आहे ते सांगू नका, बरणी संपल्यावर सांगा.